मादी पिल्लाच्या योनीतून टोक डोकावतंय, इन्फेक्शन सारखं परततंय, नराचे अंडकोष गायब: तपासणी कुठून सुरू करायची

अशी कुत्री माझ्याकडे येते तेव्हा बहुतेक वेळा दोन-तीन अँटिबायोटिक होऊन गेलेली असतात. फाइल जाड झालेली असते, दर पानावर ‘योनीला सूज, इन्फेक्शन’ असं लिहिलेलं असतं, आणि हातमोजा चढवून एकदा आत बोट घालून बघावं हे कुणाच्या डोक्यात आलेलं नसतं. म्हणून ही पोस्ट, पाळणाऱ्यांसाठी पण आणि नुकतीच प्रॅक्टिस सुरू केलेल्या व्हेट मंडळींसाठी पण. विषय आहे कुत्र्यांमधले लिंगविकासाचे दोष, रिपोर्टात ज्याला डीएसडी लिहितात.

आधी लक्षणं बघा

मादी म्हणून वाढवलेल्या पिल्लात हे दिसतं:

- योनीच्या ओठांमधून गुलाबी, कडकसं टोक बाहेर येतं. लहानपणी नसतं किंवा लक्षात येत नाही, साधारण वयात यायच्या सुमारास ठळक व्हायला लागतं. बाहेर राहिलं की सुकतं, घासतं, मग ती ते चाटत बसते, चाटून चाटून लाल होतं, कधी रक्ताचे थेंब पडतात.
- योनी नेहमीच्या जागी नसते, मांड्यांच्या मधून पोटाकडे पुढे सरकलेली असते. लघवी खाली न पडता पुढे किंवा वाकडी उडते.
- लघवीचं इन्फेक्शन, औषध चालू आहे तोवर बरं, बंद केलं की काही आठवड्यांत परत.
- लघवी थेंब थेंब गळते, विशेषतः झोपून उठल्यावर.
- दोन वर्षांची झाली तरी एकदाही हीटवर म्हणजे माजावर आलेली नाही. किंवा येते, पण कितीही वेळा मेटिंग केलं तरी गाभण राहत नाही.

नरात:

- एक किंवा दोन्ही अंडकोष पिशवीत नाहीत.
- लघवी शिश्नाच्या टोकातून न येता खालच्या बाजूच्या छिद्रातून येते, शीथ म्हणजे शिश्नावरची कातडी खालून अर्धवट उघडी असते.
- शिश्न वयाच्या मानाने फारच लहान.
- मोठ्या वयाच्या नरात स्तनाग्रं मोठी होतात, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ होतात, कातडी काळवंडते, आणि दुसरे नर कुत्रे याच्याच मागे लागतात.
- नर कुत्रा एकदम मलूल, पाणी खूप पितोय, पोट मोठं, आणि सोनोग्राफी करणारा म्हणतो की आत पूने भरलेल्या दोन नळ्या दिसतायत. हे वाचून हसू नका, असं होतं, पुढे सांगतो.

यातलं एखादं लक्षण आहे म्हणजे डीएसडी आहेच असं अजिबात नाही. आणि मादी पाय वर करून मुतते, दुसऱ्यांवर चढते, याचा याच्याशी काहीही संबंध नाही, धडधाकट माद्याही ते करतात. तेवढ्यासाठी टेस्ट करायला धावू नका.

थोडी थिअरी, कारण ती नसेल तर रिपोर्ट आल्यावर गोंधळ होतो

कुत्र्यात ७८ क्रोमोसोम असतात, मादीत शेवटची जोडी एक्सएक्स, नरात एक्सवाय. वाय वर एसआरवाय नावाची जीन असते, तिच्या सांगण्यावरून गर्भातली जननग्रंथी टेस्टिस म्हणजे अंडकोष बनते, नाहीतर ओव्हरी म्हणजे बीजांडकोष बनते. मग त्या टेस्टिसमधून दोन वेगळी हार्मोन्स निघतात आणि दोघांची कामंही वेगळी आहेत. एक एएमएच, ते गर्भाशय बनू देत नाही. दुसरं टेस्टोस्टेरॉन, ते आतल्या नराच्या नळ्या टिकवतं, आणि त्याचंच पुढचं रूप बाहेरचं शिश्न आणि अंडकोषाची पिशवी घडवतं. ही दोन्ही हार्मोन्स नसतील तर शरीर आपोआप मादीच्या वाटेने जातं.

म्हणजे प्रश्न तीन आहेत: क्रोमोसोम कुठले, ग्रंथी कुठली, आणि शरीर कसं दिसतं. निरोगी कुत्र्यात तिन्हीची उत्तरं जुळतात. डीएसडीत कुठेतरी जुळत नाहीत. बाहेरून बघून आत काय आहे ते सांगता येत नाही, आणि क्रोमोसोमचा रिपोर्ट हातात आला तरी ग्रंथी कुठली हे कळत नाही. एक्सएक्स कुत्रीच्या पोटात टेस्टिस सापडू शकते आणि तिच्यात एसआरवाय जीन शोधली तरी मिळत नाही. अमेरिकन कॉकर स्पॅनियलमध्ये हा प्रकार आनुवंशिक म्हणून चांगला ओळखीचा आहे, बीगल, पग, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर, केरी ब्लू टेरिअर अशा इतर बऱ्याच ब्रीडमध्येही नोंदवलाय. कधी अख्खी टेस्टिस असते, कधी एकाच ग्रंथीत अर्धा भाग ओव्हरीचा अर्धा टेस्टिसचा, त्याला ओव्होटेस्टिस म्हणतात.

उलटा प्रकार मिनिएचर श्नॉझरचा. क्रोमोसोम एक्सवाय, बाहेरून पूर्ण नर, टेस्टिसही आहे, एएमएच पण बनतं, पण ते हार्मोन पकडणारा रिसेप्टर बिघडलेला. मग गर्भाशयाला ‘बनू नको’ हा निरोप पोचतच नाही आणि नराच्या पोटात गर्भाशय राहून जातं. याला पीएमडीएस म्हणतात. वर जो पूने भरलेल्या नळ्यांचा नर सांगितला तो हाच.

तिसरा गट क्रोमोसोमच्या आकड्याचा: ७९ एक्सएक्सवाय, ७७ एक्स, ७९ एक्सएक्सएक्स वगैरे. हे बाहेरून बऱ्यापैकी नॉर्मल दिसतात, फक्त नराचे अंडकोष लहान आणि वीर्यात काही नाही, किंवा मादी हीटवरच येत नाही.

बस, एवढं पुरे. आता तपासण्या, सोप्या आणि स्वस्त आधी.

१. इतिहास विचारा, याला काहीच लागत नाही

पाळणाऱ्यांनी एका कागदावर लिहून न्या: नक्की वय, टोक पहिल्यांदा कधी दिसलं, हीट आली का आणि कधी, लघवीची किती इन्फेक्शन झाली आणि कुठलं औषध दिलं, आधी कुठलं ऑपरेशन झालंय का. ‘स्पे (मादीची नसबंदी) झालीये असं सांगितलं होतं’ हे पुरेसं नाही, कागद आहे का ते बघा.

मग दोन प्रश्न असे की जे सहसा कुणी विचारत नाही. पहिला, आई गाभण असताना तिला गर्भ टिकवायला प्रोजेस्टेरॉनसारखं किंवा दुसऱ्या कशासाठी नर-हार्मोनसारखं औषध दिलं होतं का? कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा, त्याच्या मधल्या टप्प्यात पिल्लांचे अवयव घडत असतात आणि तेव्हा बाहेरून असं हार्मोन आलं तर एक्सएक्स मादी पिल्लाची ओव्हरी ठीक राहूनसुद्धा बाहेरचं रूप नरासारखं होतं. हे महत्त्वाचं अशासाठी की हा दोष आनुवंशिक नाही, त्यामुळे आईबापांवर शिक्का बसत नाही.

दुसरा प्रश्न, घरात कुणी हार्मोनचं क्रीम, जेल किंवा स्प्रे अंगाला लावतं का? विचारायला अवघडल्यासारखं होतं पण विचाराच. हातावर लावलेलं औषध कुत्रा चाटतो किंवा मांडीवर घेतल्यावर त्याच्या अंगाला लागतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) एस्ट्रोजेन या मादी-हार्मोनच्या स्प्रेबद्दल अशीच सूचना काढली होती, लहान मुलं आणि पाळीव प्राणी दोघांसाठी. स्पे झालेल्या मादीची योनी सुजणं, नराची स्तनाग्रं वाढणं हे सगळं यातून होऊ शकतं, आणि उपाय काय तर कुत्र्याचा संपर्क बंद करायचा. इथेच सुटलं तर पुढचं सगळं वाचलं.

२. नीट प्रकाशात डोळ्यांनी बघा

जे बाहेर दिसतंय ते नक्की काय आहे? मोबाइलवर फोटो काढा, आठवड्याने परत काढा. याच्याशी गोंधळ होणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत.

हीटवर आलेल्या तरुण मादीत, विशेषतः बॉक्सर, बुलडॉगसारख्या ब्रीडमध्ये, योनीच्या तळाची त्वचा सुजून लाल मऊ गोळा बाहेर येतो. हा हीटच्या दिवसांत येतो आणि हीट संपली की ओसरतो. डीएसडीचं टोक हीटशी असं बांधलेलं नसतं.

ओबडधोबड, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, हात लावला की रक्त येणारी गाठ असेल तर संसर्गाने पसरणारा टीव्हीटी नावाचा कॅन्सर मनात आणा. मेटिंग झालेल्या किंवा मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यात तो जास्त, काचेच्या स्लाइडवर ठसा घेऊन मायक्रोस्कोपखाली ओळखता येतो आणि व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरच्या औषधाने बहुतेक वेळा चांगला बरा होतो. याला डीएसडी समजून ऑपरेशन केलं तर उगाच कापाकापी.

लहान पिल्लाला थोडा चिकट स्राव येतोय, बाकी ती मजेत आहे, टोक वगैरे काही नाही: बहुतेक वेळा ही पिल्लांची साधी योनीदाह असते, आपोआप किंवा पहिल्या हीटनंतर जाते. योनी कातडीच्या घडीत दबलेली असेल तर त्या घडीत ओल राहून चाटणं आणि इन्फेक्शन होतं, तिथे दोष घडीचा, हार्मोनचा नाही.

आणि ते टोक म्हणजे खरंच वाढलेलं क्लिटोरिस (मादीतला शिश्नाच्या जागचा छोटा अवयव) असलं तरी ते जन्मजात असेलच असं नाही. आधी अगदी ठीक असलेल्या, वयस्कर कुत्रीत नव्याने वाढलं तर अॅड्रिनल ग्रंथीचा आजारही बघावा लागतो. म्हणून तर ‘कधी दिसलं’ हा प्रश्न पहिला.

३. हाताची तपासणी, ही व्हेटनेच करायची

घरी बोट घालून बघू नका. कुत्री चावेल ही एक गोष्ट, आणि सुजलेल्या जागी नख लागलं की नवीन जखम.

व्हेट मंडळींनी मात्र ही टाळू नये, सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि खर्च एका हातमोज्याचा. योनीचे ओठ हलकेच मागे घ्या, टोक दोन बोटांत धरा. नुसतं सुजलेलं क्लिटोरिस मऊ, रबरी लागतं, दाबलं की दबतं. डीएसडीत पुष्कळदा आत बारीक कडक काडी लागते, वाकत नाही, टोकाकडे निमुळती होते. ते हाड आहे. नराच्या शिश्नात असतं तसंच हाड, इथे क्लिटोरिसमध्ये तयार झालंय, आणि ते व्हायला पुरुष-हार्मोन लागतं. म्हणजे ही कुत्री आयुष्यात कधीतरी टेस्टोस्टेरॉनच्या अमलाखाली होती हे त्या काडीनेच सांगितलं.

मग लघवीचं छिद्र कुठे आहे ते शोधा. नेहमीसारखं आत तळाला आहे की टोकाच्या खाली उघडतंय? शंका असेल तर बारीक कॅथेटर घालून बघा. हे आत्ता माहीत असेल तर ऑपरेशनच्या टेबलावर मूत्रनलिका कापली जाण्याचा धोका वाचतो. आत योनी किती खोल जाते, मधे पडदा आहे का, आंधळी संपते का, तेही बोटाने कळतं.

जांघेत दोन्ही बाजूंना बोटं फिरवा, मादी असली तरी फिरवा. टेस्टिस तिथे कातडीखाली सटकत असते. नर पिल्लात अंडकोष साधारण आठ आठवड्यांपर्यंत पिशवीत हाताला लागायला हवेत. ६ महिन्यांनंतर उतरायची आशा सोडा, तोवर जांघेतली वाट बंद झालेली असते, तेल चोळून किंवा इंजेक्शनं देऊन काही होत नाही. आणि हेही लक्षात घ्या की न उतरलेला अंडकोष हा स्वतंत्र, नेहमी भेटणारा दोष आहे, दर वेळी त्यामागे डीएसडी नसतो. पण ब्रीड श्नॉझर असेल, किंवा शिश्नाची ठेवणही विचित्र असेल, तर पुढे जा.

४. लघवी आणि स्लाइड

लघवी सुईने थेट मूत्राशयातून घ्या, जमिनीवरची किंवा वाटीत धरलेली कल्चरला (जंतू वाढवून बघायच्या टेस्टला) पाठवू नका. योनीत नेहमीच जंतू असतात, तिथून वाहत आलेल्या लघवीत काहीतरी उगवणारच, आणि मग त्याच्यावर अजून एक अँटिबायोटिक सुरू होतं. मूत्राशयातली लघवी स्वच्छ आणि खाली वाटेत मात्र पू, असं आलं तर घोटाळा वाटेच्या रचनेत आहे, लघवी योनीत साचून राहतेय. पुष्कळ फाइली जाड होण्याचं कारण हेच.

योनीच्या पेशींची स्लाइड पण करून टाका, दहा मिनिटांचं काम. नरात शीथच्या आतून घ्या. नराच्या स्लाइडवर कडा तुटक, केराटिन चढलेल्या चपट्या पेशी भरपूर दिसल्या तर कुठूनतरी एस्ट्रोजेन येतंय, बहुधा पोटातल्या अंडकोषाला गाठ झालीये. अशा वेळी लगेच सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करा. हे एस्ट्रोजेन बोनमॅरो, म्हणजे रक्तपेशी बनवणारा हाडातला मगज, दाबतं, प्लेटलेट आणि लाल पेशी दोन्ही खाली येतात, आणि ते न बघता टेबलावर घेतलेला कुत्रा रक्तस्रावाने जाऊ शकतो.

५. एक्सरे आणि सोनोग्राफी

एक्सरे एकाच प्रश्नासाठी उपयोगी, क्लिटोरिसमध्ये हाड आहे का. बोटाला लागलं असेल तर मी वेगळा काढत नाही, नोंदीसाठी हवा असेल तर काढा.

सोनोग्राफीत बघायचं ते हे: गर्भाशय आहे का, त्यात पाणी किंवा पू आहे का, मूत्राशयाच्या मागे प्रोस्टेट दिसतंय का, आणि मूत्रपिंडाच्या मागे ते जांघेपर्यंत कुठे ग्रंथी दिसते का. मादी दिसणाऱ्या प्राण्यात प्रोस्टेट सापडलं तर उत्तर जवळपास मिळालंच. पण सोनोग्राफीत ग्रंथी दिसली नाही म्हणजे नाहीच असं मानू नका. अशा ग्रंथी लहान असतात, आतड्याआड लपतात, आणि करणारा कोण आहे यावर खूप अवलंबून असतं. काय शोधायचंय ते चिठ्ठीवर लिहून पाठवा. नुसतं ‘पोटाची सोनोग्राफी’ लिहिलं तर लिव्हर आणि किडनीचा सुंदर रिपोर्ट येईल.

रचना फारच गुंतागुंतीची वाटली तर रचना उठून दिसावी म्हणून आत औषध भरून काढलेला एक्सरे, दुर्बिणीने योनीची तपासणी किंवा सीटी, पण हे ऑपरेशनची आखणी करणाऱ्या सर्जनने ठरवावं.

६. रक्तातली हार्मोन्स

हे रक्त ऑपरेशनच्या आधी काढून ठेवा, ग्रंथी काढल्यावर विचारायचं कुणाला.

एएमएचची तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण एकच नमुना लागतो. एएमएच सापडलं म्हणजे शरीरात ओव्हरी किंवा टेस्टिस काहीतरी जिवंत आहे. ‘स्पे झालीये’ असं सांगितलेल्या कुत्रीचा वाद इथे मिटतो. टेस्टिस असेल तर आकडा सहसा बराच वर असतो, पण नुसत्या आकड्यावर ग्रंथीचं नाव पक्कं करू नका. फार लहान पिल्लात उत्तर धूसर येऊ शकतं, थोडं वय होऊ द्या.

टेस्टोस्टेरॉन एकदाच मोजण्यात अर्थ नाही. ते दिवसभर लाटांनी सुटतं, मधल्या ओहोटीत रक्त काढलं तर शून्याजवळ येतं आणि आपण ‘टेस्टिस नाही’ म्हणून मोकळे होतो. करायचं असेल तर उत्तेजन देऊन करा: एकदा रक्त, मग ग्रंथीला चेतवणाऱ्या जीएनआरएच हार्मोनची सुई, साधारण १ तासाने परत रक्त. त्याऐवजी एचसीजी हे हार्मोन वापरलं तर दुसऱ्या रक्ताची वेळ वेगळी, ती लॅबला विचारून घ्या. दुसरा आकडा चढला तर टेस्टिसची ऊती आत आहे.

आणि हीटच न आलेल्या मादीत क्रोमोसोमच्या मागे लागण्याआधी दर महिन्याला एकदा प्रोजेस्टेरॉन बघा. कधी कधी हीट येऊन जाते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही, ती स्वतःला चाटून साफ ठेवते. हीटनंतर प्रोजेस्टेरॉन साधारण दोन महिने वर राहतं, त्यामुळे महिन्याच्या अंतराने घेतलं तर सुटत नाही. मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर ओव्हरी काम करतेय. मोठ्या ब्रीडमध्ये पहिली हीट यायला दीड-दोन वर्षं लागू शकतात, तेवढा धीर धरा.

७. क्रोमोसोम आणि जीन

इथे मला स्पष्ट बोलायचंय, कारण लोक हीच टेस्ट पहिली मागतात. कुत्रा घरात पाळायचाय, पिल्लं काढायची नाहीत, तर कॅरिओटाइपने (क्रोमोसोम मोजून बघायची टेस्ट) उपचारात काडीचा फरक पडत नाही. एक्सएक्स निघो नाहीतर एक्सवाय, नको असलेली ग्रंथी आणि गर्भाशय काढायचंच आहे. ब्रीडिंग करणाऱ्याला मात्र ही हवीच, कारण पुढे कुठल्या जोड्या लावायच्या ते यावर ठरतं.

करणार असाल तर नळी चुकवू नका. कॅरिओटाइपसाठी जिवंत पेशी वाढवाव्या लागतात, त्याला हेपॅरिनची नळी लागते, गोठवायची नाही, लवकर पोचवायची. एसआरवाय जीन शोधायच्या टेस्टला (पीसीआर) ईडीटीएची नळी चालते. चुकीच्या नळीतलं रक्त परत आलं की परत टोचा. मिनिएचर श्नॉझरमधल्या पीएमडीएससाठी थेट जीन टेस्ट आहे, तिथे तीच करा. आणि एसआरवाय निगेटिव्ह आली म्हणून ‘टेस्टिस नसणार’ असं लिहू नका, कॉकरचं वर सांगितलंय.

८. शेवटचं उत्तर पॅथॉलॉजिस्ट देतो

ग्रंथी काढून तिची हिस्टोपॅथॉलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपखालची तपासणी, केल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. डोळ्यांना ओव्हरी वाटणारी गोष्ट मायक्रोस्कोपखाली ओव्होटेस्टिस निघते. डावी आणि उजवी वेगवेगळ्या बाटल्यांत, १०% फॉर्मॅलिनमध्ये, बाटलीवर बाजू लिहून. दोन्ही बाजू सारख्या नसतात, एकीकडे ओव्हरी दुसरीकडे टेस्टिस असंही असतं, आणि एकाच बाटलीत टाकलं की ही माहिती कायमची गेली.

रोजच्या स्पेमध्ये पोट उघडल्यावर गर्भाशयाच्या शिंगाच्या टोकाला पांढरट, गुळगुळीत, गोल काहीतरी दिसलं आणि शेजारी एपिडिडिमिससारखी (टेस्टिसला चिकटलेली गुंडाळलेली नळी) वळणं दिसली, तर ‘ओव्हरी जरा वेगळी दिसली’ म्हणून बादलीत टाकू नका. तसंच नराच्या नसबंदीत अंडकोष ओढल्यावर दोरीबरोबर जाडसर, लांब नळी येतेय आणि ती पोटात वर जातेय असं वाटलं तर कापून बांधून मोकळे होऊ नका. ते गर्भाशयाचं शिंग असू शकतं. तिथे थांबून पोट उघडायची परवानगी मालकाकडून घ्यायची, फोन करून.

उपचार

मुख्य उपचार ऑपरेशनच, गोळी नाही. दोन्ही ग्रंथी आणि गर्भाशय काढायचं. कारणं दोन, पोटात राहिलेल्या टेस्टिसला कॅन्सरची गाठ व्हायचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त, आणि गर्भाशयात पू व्हायचा धोका. पीएमडीएसमध्ये गर्भाशयाचं दुसरं टोक प्रोस्टेटला जोडलेलं असतं, तिथे जपून, मूत्रनलिकेत कॅथेटर ठेवूनच.

क्लिटोरिसचं काय करायचं? आत हाड नसेल तर ग्रंथी काढल्यावर हार्मोन उतरतं आणि ते पुष्कळदा आक्रसतं, काही महिने वाट बघता येते. हाड असेल तर ते विरघळणार नाही, आणि जागा सारखी घासून जखम होत असेल तर मी त्याच भुलीत काढून टाकायच्या बाजूचा आहे. रक्त खूप येतं त्या भागात, मालकाला आधीच सांगून ठेवा. नंतर १०-१४ दिवस गळ्यात कोन, न काढता. एक रात्र कोन काढला आणि तिने टाके चाटून उघडले असं होतं.

नराच्या खालच्या छिद्राचा दोष किरकोळ असेल, टोकाजवळच असेल, कुत्रा नीट मुतत असेल तर नुसती स्वच्छता ठेवा, हात लावू नका. छिद्र मागे असेल, कातडीला सतत लघवी लागून भाजल्यासारखं होत असेल तर शस्त्रक्रिया, आणि ती रोज करणाऱ्याकडेच. हा दोष बॉस्टन टेरिअरमध्ये जास्त दिसतो.

‘आता हा तो आहे की ती, नाव बदलू का’ असं विचारतात लोक. राहू द्या तेच नाव. कुत्र्याला फक्त दुखतंय की नाही एवढंच कळतं, आणि ऑपरेशननंतर ते थांबलं की बहुतेक कुत्री अगदी नेहमीसारखं आयुष्य काढतात.

इथे थांबा आणि लगेच दवाखाना गाठा

- जोर करतेय पण लघवीचा थेंब येत नाही.
- पाणी खूप पितेय किंवा पितोय, उलट्या, ताप, मलूल, पोट फुगलेलं, पू येवो न येवो. स्राव नसतानाही गर्भाशय पूने भरलेलं असू शकतं, नरातसुद्धा.
- हिरड्या पांढऱ्या फटक, अंगावर निळे-जांभळे डाग, नाकातून रक्त.
- अंडकोष न उतरलेल्या नराचं पोट एकदम दुखायला लागलं, पाठ वाकवून उभा आहे. आतला अंडकोष पिळवटला असेल.
- बाहेर आलेलं टोक काळं पडलं, वास येतोय, किंवा रक्त थांबत नाही.

यातल्या कशातही घरचं मलम, हळद, उरलेलं अँटिबायोटिक देऊन सकाळची वाट बघायची नाही. आणि माणसांचं हार्मोनचं कुठलंही औषध तर कधीच नाही.

व्हेटने कधी थांबावं? लघवीचं छिद्र कुठे उघडतंय ते कॅथेटर घालूनही नक्की कळत नसेल, प्लेटलेट खाली असतील, किंवा गर्भाशय प्रोस्टेटशी, मूत्राशयाशी चिकटलेलं दिसत असेल तर सर्जनकडे पाठवा.

पिल्लं काढणाऱ्यांसाठी

हा कुत्रा ब्रीडिंगला वापरायचा नाही, एवढं सगळे ऐकतात. पुढचं ऐकत नाहीत. कॉकरमधला एक्सएक्सचा दोष आणि श्नॉझरमधला पीएमडीएस दोन्ही रिसेसिव्ह, म्हणजे पिल्लाला दोष दिसतोय तर जीन आई आणि बाप दोघांकडून आलीये. दिसायला ठणठणीत असलेले ते दोघं कॅरिअर आहेत, म्हणजे स्वतःत दोष न दिसता जीन पुढे देणारे, आणि त्याच वेतातली ठीक दिसणारी भावंडंही कॅरिअर असू शकतात. पीएमडीएसमध्ये तर मादीकडे बिघडलेल्या जीनच्या दोन्ही प्रती असल्या तरी तिच्यात काही दिसत नाही, तिला पिल्लंही होतात. ओव्होटेस्टिस असलेल्या माद्यांनीही पिल्लं दिल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे ‘हिच्या आईला तर पिल्लं झाली’ हा पुरावा धरू नका.

ती जोडी परत लावायची नाही. टेस्ट उपलब्ध असलेल्या ब्रीडमध्ये भावंडांची टेस्ट करून घ्या, नसेल तिथे त्यांची नसबंदी. पिल्लू ज्याच्याकडून घेतलं त्याला हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट पाठवा, नुसतं फोनवर सांगू नका, आणि त्याच वेतातली बाकीची पिल्लं कुठे गेली ते विचारून त्या घरांनाही कळवायला सांगा. त्यांच्यातली एखादी ‘इन्फेक्शन’वर गोळ्या खात असेल.